‘एकदा बघायला हरकत नाही’: साध्या प्रेक्षकाच्या मताचं काय करायचं?

थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या मराठी प्रेक्षकाचा निकाल चार-पाच ठरलेल्या वाक्यांत मावतो. ‘पैसा वसूल.’ ‘पहिला हाफ रटाळ, नंतर पकड घेतो.’ ‘स्टोरी काही नाही, पण हसवतो.’ ‘शेवट पटला नाही.’ आणि या सगळ्यांत मुत्सद्दी म्हणजे ‘एकदा बघायला हरकत नाही’. समीक्षकांना ही वाक्यं उथळ वाटतात आणि निर्मात्यांना ती देववाणी वाटते. मला दोघांचंही पटत नाही. महिन्याभरात हाच माणूस एखादा विनोदी, एखादा ऐतिहासिक आणि एखादा भुताखेतांचा चित्रपट बघतो आणि तिन्हींना वेगळी पट्टी लावतो. विनोदी चित्रपटात योगायोगांची रांग लागली तरी त्याची तक्रार नसते, पण रहस्यपटात एक योगायोग घुसडला तरी तो वैतागतो. कौटुंबिक चित्रपटातलं रडणं त्याला हवं असतं आणि तेच रडणं भयपटात आलं की तो चुळबुळ करतो. वरवर हा धरसोडपणा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकारच्या चित्रपटाने तिकीट घेताना काय कबूल केलं होतं हे त्याला नेमकं आठवत असतं आणि तेवढ्यापुरता त्याचा हिशेब चोख असतो. गडबड होते ती पुढच्या पायरीवर, का आवडलं किंवा का बिघडलं हे तो सांगायला लागतो तेव्हा. माझं म्हणणं असं की साधा प्रेक्षक हा भरवशाचा साक्षीदार आहे. त्याच्या खुर्चीत काय घडलं, याबद्दल त्याची साक्ष उलटतपासणीत सहसा फुटत नाही. पण साक्षीदाराने न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसावं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर चित्रपटाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं.

विनोदी चित्रपटाच्या बाबतीत साक्ष आणि निकाल जवळपास एकच असतात. हसू आलं की आलं, ते भिडेखातर फार वेळ आणता येत नाही. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला होता. भाड्याने खोली मिळावी म्हणून दोघांनी बायकांची सोंगं घ्यायची, ही कल्पना तर नाटकवाल्यांच्या पेटाऱ्यातली. तेव्हा त्यात नवीन काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकला असता. प्रेक्षकाने तो विचारला नाही, कारण नवं काही देण्याचं त्या चित्रपटाने कबूलच केलं नव्हतं. सोंग उघडं पडतंय की काय ही धास्ती दर पाच मिनिटांनी नव्याने उभी करायची आणि दरवेळी निराळ्या दाराने निसटायचं, एवढंच कबूल केलं होतं, आणि ते सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे मंडळींनी इतकं काटेकोर पाळलं की टीव्हीवर अधूनमधून लागलेला हा चित्रपट आजही घरातली तिसरी पिढी थांबून बघते. तेव्हाच्या कित्येक विनोदी चित्रपटांत हीच माणसं होती आणि सोंगंही तीच होती, पण ते आज कोणाला आठवत नाहीत. म्हणजे प्रेक्षक नटांना भुलला होता असंही म्हणता येत नाही. विनोदाच्या प्रांतात इतकं कडक न्यायालय दुसरं नाही, आणि समीक्षकाने तिथे फारसं बोलू नये हेच बरं.

रहस्यपट आणि भयपट यांत साधा प्रेक्षक जवळजवळ तंत्रज्ञासारखा बोलतो. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ २०२३ च्या जानेवारीत आला. बायकोचा खून करून तो आत्महत्या म्हणून खपवण्याचा बेत, आणि बेत फसल्यावर मृतदेहाचं करायचं काय याची धावपळ, असा सगळा मामला. यातलं एकही पात्र जीव लावावं असं नाही. ‘प्रेक्षकाला सहानुभूतीसाठी कोणीतरी लागतंच’ हा निर्मात्यांचा आवडता सिद्धांत इथे लागू पडत नाही. प्रेक्षकाने या पात्रांची नीतिमत्ता तपासली नाही, बेताचा आराखडा तपासला. कोण कुठे उभा होता, कोणाला काय माहीत होतं, फोन कोणाकडे होता. असे प्रश्न विचारत घरी जाणारा माणूस ‘मेंदूला त्रास नको’ म्हणणाऱ्या जमातीतला कसा धरायचा? विनोदी चित्रपटाला ‘डोकं बाजूला ठेवून बघ’ म्हणणाराही तोच, आणि इथे डोकं चालवून बघणाराही तोच.

भयपटाचा हिशेब थोडा अवघड आहे, कारण भीतीची साक्ष द्यायला माणूस लाजतो. ‘काही भीती-बिती वाटली नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्ध्या किमतीला घ्यावं. विशाल फुरियांच्या २०१७ च्या ‘लपाछपी’त भीती अंधारातून येत नाही. भर उन्हात, डोक्याच्या वर वाढलेल्या उसात, कुठूनही वाट न सापडणाऱ्या एका गरोदर बाईभोवती ती जमत जाते. उसाचं शेत ज्याने आतून पाहिलंय त्याला त्या चित्रपटात भुताची गरजसुद्धा वाटू नये: चार पावलांपलीकडचं दिसत नाही, पानं अंगाला कापतात आणि सगळ्या दिशा सारख्याच. चित्रपटाचा विषय मुलींना जन्माआधी किंवा जन्मल्याबरोबर मारणाऱ्या समाजाचा आहे, आणि तो प्रेक्षकाने तक्रार न करता स्वीकारला. सामाजिक विषय घातला की प्रेक्षक पळतो, ही समजूत निदान इथे तरी खोटी ठरली. विषय भीतीच्या पोटातून आला, भाषण होऊन आला नाही, म्हणून तो चालला. त्याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत ‘छोरी’ नावाने हीच गोष्ट पुन्हा केली.

आदित्य सरपोतदारांच्या दोन चित्रपटांची तुलनाही बोलकी आहे. २०२२ च्या ‘झोंबिवली’त परदेशी झाँबी डोंबिवलीत आणले होते आणि टॉवर विरुद्ध झोपडपट्टी हा झगडाही त्यात होता. २०२४ च्या हिंदी ‘मुंज्या’त कोकणातलं घरचंच भूत होतं. मोठा नट नसताना ‘मुंज्या’ देशभर चालला. इथे हिंदीचा मोठा बाजार हे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंज्याचे नियम प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते: तो पिंपळावर का राहतो, त्याला काय हवं असतं, तो कोणाला धरतो. झाँबीचे नियम चित्रपटाला सांगत बसावे लागले, आणि सांगण्यात वेळ गेला की भीती ओसरते. ‘मुंज्या जास्त आपला वाटला’ असं सांगणारा प्रेक्षक त्याचं कारण म्हणून कोकणचं दृश्यसौंदर्य पुढे करतो. साक्ष बरोबर, पण कारण चुकलेलं.

ही चूक सगळ्यांत ठळक दिसते ती ‘सैराट’ आणि ‘धडक’ शेजारी ठेवल्यावर. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये आला आणि शंभर कोटींच्या पलीकडे गेलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. दोनच वर्षांनी त्याची हिंदी आवृत्ती ‘धडक’ आली. कथानक तेच, अजय-अतुलच्या काही चालीही त्याच. मराठी प्रेक्षकाची प्रतिक्रिया जवळपास एकमुखी होती: ‘सैराटची मजा नाही.’ कारण विचारलं तर उत्तर यायचं की नटनट्या गुळगुळीत आहेत, आर्चीचा ठसका नाही, उदयपूरचे महाल कशाला हवेत. सगळं खरं, पण वरवरचं. ‘सैराट’मध्ये परश्या आणि आर्ची या प्रेमी जोडप्याच्या मधली जात प्रत्येक चौकटीत आहे. पाटलाच्या मुलीचं ट्रॅक्टर चालवणं, वर्गात मास्तरांवर हात टाकणारा तिचा भाऊ, बोलण्यातला ‘तुम्ही कोण’ हा न विचारलेला प्रश्न, या सगळ्यांतून ती जाणवत राहते. ‘धडक’ने ती पुसून तिथे ढोबळ श्रीमंत-गरीब आणि राजकारण बसवलं. त्यामुळे शेवटचा खून कशासाठी झाला हेच पातळ झालं. काहीतरी गेलंय हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. काय गेलंय ते मात्र तो सांगू शकला नाही. कदाचित सांगायचंही नसेल, कारण ते सांगायचं तर जातीबद्दल बोलावं लागतं, आणि चित्रपटाच्या गप्पांत ते टाळण्याची आपली सवय जुनी आहे.

‘सैराट’मुळे माझ्या म्हणण्यावर पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो. प्रेक्षक जर ठरलेल्या शब्दालाच धरून बसणारा असेल, तर अर्ध्यावर प्रकार बदलणारा हा चित्रपट त्याने झिडकारायला हवा होता. विहिरीतल्या उड्या आणि झिंगाट नाच बघायला आलेल्या माणसाला हैदराबादच्या झोपडपट्टीत नेऊन बसवायचं, तिथे संशय, मारहाण, रोजची पोटाची चिंता दाखवायची आणि शेवटी रांगोळीवरून चालत निघालेल्या पोराची रक्ताची पावलं, तीही संपूर्ण शांततेत. ही तर फसवणूक झाली! पण प्रेक्षक फसवला गेल्यासारखा बोलला नाही. तो गप्प होऊन बाहेर आला आणि पुन्हा बघायला गेला. याचं कारण मला असं दिसतं की मंजुळेंनी पहिला शब्द आधी पूर्ण पाळला. प्रेमकथेत जे जे मागता येईल ते सगळं, गाण्यांसकट, मित्रांच्या टिंगलीसकट आणि भरपूर वेळ देऊन, त्यांनी पदरात घातलं. त्यानंतर जास्तीचं मागितलं. शब्दाहून कमी मिळालं तर प्रेक्षक माफ करत नाही, जास्त मिळालं तर, ते कडू असलं तरी, घेतो. ज्या चित्रपटांना प्रकार बदलणं महागात पडतं ते बहुतेक वेळा पहिला प्रकार अर्धवट टाकून पळालेले असतात. ‘पहिला हाफ रटाळ’ आणि ‘दुसऱ्या हाफमध्ये भरकटला’ या दोन्ही तक्रारींचा उगम तिथेच असतो.

आता कौटुंबिक चित्रपट. या प्रकाराची सर्वांत जास्त हेटाळणी होते आणि म्हणून त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला बायका रुमाल घेऊन जात, हे आजही टवाळीने सांगितलं जातं. २०२३ च्या जूनअखेर आलेल्या केदार शिंदेंच्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, गटागटाने गेल्या आणि त्याचे व्हिडिओ फिरले, त्याचीही टवाळी झालीच. चित्रपट म्हणून त्यात उणिवा आहेत. सहा बहिणी, सहा दुःखं, प्रत्येकीला एकेक नेमून दिलेलं, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने सहाही गाठी शेवटच्या अर्ध्या तासात सुटणार हे मध्यंतराआधीच कळतं. समीक्षकाने हे लिहिलं तर तो चुकला असं नाही. पण या बायकांना ते कळलं नव्हतं असं समजणं हा त्याचा अहंकार. त्या गाठी सुटतात कशा हे बघायला गेल्या नव्हत्या. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, रजोनिवृत्तीबद्दल उघड बोलणाऱ्या बाया पडद्याच्या मध्यभागी तब्बल दोन-अडीच तास राहतात, कोणाची आई किंवा सासू म्हणून कडेला सरकत नाहीत, हे बघायला गेल्या होत्या. ‘माहेरची साडी’तली सोसणारी लक्ष्मी आणि या फुगडी घालणाऱ्या बहिणी यांच्यामध्ये तीस वर्षांचं अंतर आहे, आणि ते अंतर याच प्रेक्षकवर्गाने कापलंय. ‘आमचा पिक्चर’ ही त्यांची साक्ष कलात्मक निवाडा नव्हे, हे मान्य. तरीही २०२१ च्या ‘झिम्मा’पासून मराठी निर्मात्यांना मध्यमवयीन स्त्रियांच्या गोष्टी लिहून घ्याव्याशा वाटतायत, तो बदल कुठल्या परीक्षणामुळे झालेला नाही.

ऐतिहासिक चित्रपटापाशी मात्र माझा साक्षीदार डळमळतो, आणि ते लपवण्यात हशील नाही. इथे मोजपट्टी चित्रपटाच्या बाहेर असते. २०२२ साल घ्या. फेब्रुवारीत दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ आला, दिवाळीच्या सुमारास ‘हर हर महादेव’ आला. दोन्हींच्या केंद्रस्थानी बाजीप्रभू देशपांडे. पहिल्याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. दुसऱ्यावर इतिहासाच्या मांडणीवरून वाद पेटला आणि काही ठिकाणी त्याचे खेळ बंद पाडले गेले. दोन्ही चित्रपटांतली युद्धदृश्यं कशी बांधली आहेत, खिंडीचा चिंचोळेपणा कॅमेऱ्यात उतरतो का, बाजींच्या मनात शेवटच्या घटकांत काय चाललंय याला पटकथा जागा देते का, यावर साध्या प्रेक्षकाच्या तोंडून फारसं ऐकू आलं नाही. भक्ती पुरेशी आहे का, एवढंच तपासलं गेलं. महाराजांवरचा चित्रपट कंटाळवाणा झाला असं चारचौघांत म्हणण्याची सोय नसेल, तर तिथे मिळणारी साक्ष दबावाखालची आहे हे ओळखूनच तिचं वजन करावं लागतं. तरीही ती अगदीच निरुपयोगी नसते. ‘अंगावर काटा आला, पण व्हीएफएक्स जरा खटकलं’ असं बोलणारे लोक भेटतात. त्या वाक्यातला ‘पण’ हाच काय तो चित्रपटाबद्दलचा अभिप्राय, आणि लांजेकरांच्याच ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंतच्या चित्रपटांत कुठला सरस, हे ठरवताना लोक त्या ‘पण’च्याच आधाराने बोलतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रेक्षकाची साक्ष मानायची तर चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’चं काय? व्हेनिसला गौरवलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला हा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. तो पाहिलेल्या सर्वसाधारण प्रेक्षकाचं वाक्य होतं: ‘काही घडतच नाही.’ हे वाक्य मूर्खपणाचं ठरवण्याआधी चित्रपट आठवून बघावा. गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असलेला लोकशाहीर नारायण कांबळे. त्याच्या खटल्याला तारखेवर तारीख. एका सुनावणीत अर्जदार बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकत नाहीत. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी नवरा-मुलांसह नाटकाला जातात. उन्हाळी सुट्टी लागते, शिपाई एकेक दिवा मालवतो, कोर्टाची खोली काळोखात बुडते, आणि चित्रपट तिथेही संपत नाही. पुढे न्यायाधीशांची सहल आहे. खरोखरच काही घडत नाही. दिग्दर्शकाला दाखवायचंय ते हेच: माणूस तुरुंगात सडत असताना काही घडत नाही. प्रेक्षकाची साक्ष इतकी अचूक आहे की ती परीक्षणात उद्धृत करावी. त्याचा निकाल, म्हणजे ‘म्हणून चित्रपट फसला’, तो मात्र मानता येत नाही, कारण ‘कोर्ट’ हे नाव ऐकून त्याने जो शब्द गृहीत धरला होता, जोरदार उलटतपासणी, फुटणारा साक्षीदार, शेवटी टाळ्यांचा युक्तिवाद, तो या चित्रपटाने कधी दिलाच नव्हता. हिंदी चित्रपटांनी आणि मराठी रंगभूमीने तो वर्षानुवर्षं दिलाय, आणि त्याची वसुली ‘कोर्ट’कडून झाली.

यावर कोणी म्हणेल की मग प्रेक्षकाचं मत हा सगळा जाहिरातीचाच खेळ झाला: ट्रेलरने शब्द द्यायचा, रील्सनी तो घोकून घ्यायचा आणि प्रेक्षकाने त्याप्रमाणे खूश व्हायचं. यात तथ्य आहे, पण ‘तुंबाड’च्या बाबतीत हा हिशेब लागत नाही. राही अनिल बर्वेंचा हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मधल्या सहा वर्षांत चित्रपटाची एक चौकटही बदलली नव्हती. तो घरोघरी पाहिला गेला, एकाने दुसऱ्याला सांगितला, आणि ‘हे भुताचं आहे, पण खरं तर हावरेपणाचं आहे’ हे तिकीट काढण्याआधीच लोकांना ठाऊक झालं. शब्द जाहिरातीने दिला नाही, आधीच्या प्रेक्षकाने दिला. जाहिरात पहिल्या शुक्रवारचं मत घडवते. सोमवारच्या मतावर तिची सत्ता नसते.

मत तयारच होऊ न देणारी एक अडचण मात्र खरी आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सकाळचा खेळ मिळाला, तर नोकरी करणारा माणूस तो बघणार कधी? २०१५ मध्ये राज्य सरकारला दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी खेळ बंधनकारक करण्याचा निर्णय घ्यावा लागला तो यासाठीच, आणि खेळ मिळत नसल्याची निर्मात्यांची ओरड त्यानंतरही थांबलेली नाही. तिकिटाचा दरही मध्ये येतो. राष्ट्रीय चित्रपट दिनाला तिकीट २०२२ मध्ये ७५ रुपयांना आणि पुढच्या दोन वर्षांत ९९ रुपयांना ठेवलं तेव्हा थिएटरं भरली. तीनशे रुपये मोजलेला माणूस आणि शंभरच्या आत बसलेला माणूस एकाच चित्रपटाला सारखे गुण देत नाही, आणि का द्यावेत? ‘एकदा बघायला हरकत नाही’ या वाक्यात ती किंमत धरलेली असते. ते दर्जाचं वाक्य नाही, व्यवहाराचं आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात आठवड्याच्या अंतराने दोन मराठी चित्रपट आले. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी दृष्टी मंदावत चाललेला म्हातारा दशावतारी कलावंत उभा केला. त्यात कोकण आहे, लोककला आहे, खाणीचा प्रश्न आहे आणि सूडकथाही आहे. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ सनडान्सला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुंबईतला तरुण आणि त्याचा बालमित्र यांच्यातलं प्रेम तो घाई न करता सांगतो. पहिल्याला गर्दी झाली, दुसऱ्याला मोजके खेळ आणि मोजके प्रेक्षक. यावरून मराठी माणसाच्या अभिरुचीवर प्रवचन झोडणं सोपं आहे. पण दोघांबद्दल ‘थिएटरमध्येच बघ’ आणि ‘ओटीटीवर आला की बघू’ अशी जी वर्गवारी होते, तिच्यात अभिरुचीइतकाच नवा व्यवहार आहे. चारचौघांत हसायचं, रडायचं, ओरडायचं ते चित्रपट थिएटरला, आणि गप्प बसून बघायचे ते घरी, असं आता ठरून गेलंय. गंमत अशी की गप्प बसायला घरासारखी वाईट जागा नाही. रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाला ‘कोर्ट’चा तो रिकामा, काळोखा कोर्टहॉल नाइलाजाने का होईना पूर्ण बघावा लागला होता. घरी त्याच चौकटीवर त्याचा अंगठा दहा सेकंद पुढे जायच्या बटणावर असतो. पुढची साक्ष तो तेवढा भाग न बघताच देणार.